परदेशातून आलेली धमकी आणि आपल्या गावातला पडदा

गेल्या अंकात या सदरात एका वाचकांनी विचारले होते की, उत्तर कोरियाने धमकावल्यामुळे अमेरिकेत एक विनोदी चित्रपट ऐन वेळी रद्द करावा लागला होता, हे खरे आहे का. जागा उरली नव्हती म्हणून ‘होय, २०१४ साली रद्द झाला आणि आठवडाभरात दाखवलाही गेला’ एवढ्यावर मी ते उत्तर आटोपले. वाचकांचे त्याने समाधान झाले नाही आणि त्यांची तक्रार योग्य होती. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी सदराची सगळी जागा दिली आहे. एका पत्रलेखकाने नाव न छापण्याची विनंती केली होती, म्हणून कोणाचेच नाव छापलेले नाही.

प्रश्न (देवरुखहून एक प्राध्यापिका) : मी पदवीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवते. ‘मॅडम, तो चित्रपट नेमका थांबवला कोणी?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि मला सरळ उत्तर देता आले नाही. उत्तर कोरियाने, असे म्हणावे तर त्या देशाची अमेरिकेतल्या चित्रपटगृहांवर काहीच सत्ता नाही. मग कोणी?

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने प्रश्नाच्या मुळालाच हात घातला आहे, म्हणून घटनाक्रम तारखांनिशी सांगते. ‘द इंटरव्ह्यू’ हा सोनी पिक्चर्सचा चित्रपट; दिग्दर्शक सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग. दूरचित्रवाणीवरच्या एका उथळ कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाला आणि त्याच्या निर्मात्याला उत्तर कोरियाचे सर्वोच्च नेते किम जोंग उन यांची मुलाखत मिळते आणि अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए त्या दोघांवर त्या नेत्याला ठार मारण्याची कामगिरी सोपवते, असे त्याचे कथानक आहे. नेत्याचे नाव बदललेले नाही. तो हयात आहे आणि सत्तेवर आहे. जून २०१४ मध्ये उत्तर कोरियाच्या परराष्ट्र मंत्रालयाने या चित्रपटाला युद्धाची कृती ठरवून निर्दय प्रत्युत्तराची भाषा केली आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की मून यांच्याकडे लेखी तक्रार नोंदवली. चित्रपट ऑक्टोबरमध्ये यायचा होता, तो पुढे २५ डिसेंबरवर गेला. मधल्या काळात सोनीचे जपानमधील प्रमुख काझुओ हिराई यांच्या आग्रहावरून नेत्याच्या मृत्यूचे दृश्य सौम्य करण्यात आले. ही गोष्ट जगाला कळली ती पुढे कंपनीचे ईमेल चोरीला गेले म्हणून, एरवी ती कोणाला कळलीही नसती.

२४ नोव्हेंबरला सोनीचे संगणक बंद पडले. स्वतःला ‘गार्डियन्स ऑफ पीस’ म्हणवणाऱ्या गटाने कंपनीची माहिती उपसून काढली होती आणि पुढचे काही आठवडे ती थोडी थोडी करून उघड्यावर टाकली : पगाराचे आकडे, खाजगी पत्रव्यवहार, प्रदर्शित न झालेले चित्रपट, हजारो कर्मचाऱ्यांचे ओळख क्रमांक. या चित्रपटाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा हिशेबनिसांची आणि कारकुनांची माहितीही त्यात होती. मग १६ डिसेंबरला याच गटाने ११ सप्टेंबर २००१ ची आठवण करून देत, चित्रपट जिथे दाखवला जाईल तिथून लोकांनी दूर राहावे, अशी धमकी दिली. चित्रपटगृहांवर हल्ल्याचा प्रत्यक्ष कट शिजत असल्याची विश्वासार्ह माहिती आपल्याकडे नाही, असे अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने सांगितले, तरीही पुढचे चोवीस तास निर्णायक ठरले. सोनीने चित्रपटगृहांना कळवले की, खेळ लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मोठ्या साखळ्यांनी एकेक करून नकार दिला. त्यावर १७ डिसेंबरला सोनीने जाहीर केले की, चित्रपटगृहेच दाखवायला तयार नाहीत, तेव्हा २५ डिसेंबरचे प्रदर्शन रद्द करत आहोत.

तुमच्या विद्यार्थिनीला हेच सांगा की, चित्रपट थांबवणारा एकच माणूस शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. निर्मात्याने निर्णय चित्रपटगृहावर टाकला, चित्रपटगृहाने तो परत निर्मात्याकडे धाडला, आणि या टोलवाटोलवीत धमकी देणाऱ्याचे म्हणणे आपोआप खरे झाले. प्रत्येकाची कृती सुटी पाहिली तर समंजस वाटते. चित्रपटगृहाच्या मालकांना मी भित्रे म्हणणार नाही. नाताळात मुलाबाळांसह कुटुंबे चित्रपटाला येतात, आणि कोलोराडो राज्यातील अरोरा येथे एका माथेफिरूने जुलै २०१२ मध्ये चित्रपटगृहात गोळीबार करून बारा जणांचा जीव घेतल्याला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. माझी तक्रार आहे ती शासनाबद्दल. १९ डिसेंबरला अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयने सोनीच्या संगणकांवरील हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचे जाहीर केले आणि राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सोनीने चूक केली असे म्हटले. त्यांनी आधी माझ्याशी बोलायला हवे होते, असेही ते म्हणाले. पण १६ तारखेच्या रात्री एखाद्या छोट्या शहरातला चित्रपटगृह व्यवस्थापक राष्ट्राध्यक्षांशी कसा बोलणार होता? त्या रात्री शासनाने आपण होऊन त्याच्या दाराशी जाऊन ‘खेळ लावा, बंदोबस्त आम्ही ठेवतो’ असे म्हणायला हवे होते.

पुढचे थोडक्यात. २३ डिसेंबरला सोनीने निर्णय फिरवला, २४ ला चित्रपट ऑनलाइन आला आणि २५ ला तीनशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला, त्यांतली बहुतेक छोटी आणि स्वतंत्र मालकीची. पहिल्या चार दिवसांत ऑनलाइन प्रदर्शनातून सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. कुठेही हल्ला झाला नाही. उत्तर कोरियाने आपला हात असल्याचे नाकारले; सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने पार्क जिन ह्योक या उत्तर कोरियाच्या नागरिकावर या प्रकरणी आरोप ठेवल्याचे जाहीर केले.

प्रश्न (गुहागरहून एक वाचक भगिनी) : माझा मुलगा मालवाहू जहाजावर अधिकारी आहे आणि बहिणीचा मुलगा कुवेतमध्ये नोकरीला आहे. चित्रपट काढणारे सुरक्षित घरात बसून काढतात. एखादी राजवट चिडली तर तिच्या बंदरात उतरणारी आणि तिच्या देशात घाम गाळणारी मुले आमची असतात. तुमच्या या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी का मोजावी?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि या अंकातले सर्वांत अवघड पत्र तेच आहे. ‘स्वातंत्र्यासाठी किंमत मोजावीच लागते’ हे वाक्य तुम्हाला ऐकवण्याचा अधिकार मला नाही, कारण माझ्या घरातले कोणी जहाजावर नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही भीती कल्पनेतली नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतचा घास घेतला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत माणसे रेडिओला कान लावून बसली होती. अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणले गेले, आणि कोणाचा मुलगा आला, कोणाचा अजून वाळवंटातल्या तळावर आहे, याच्या बातम्या मशिदीत, देवळात आणि एस.टी.च्या थांब्यावर एकाच वेळी फिरत होत्या. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्या मुलांवर ते संकट कोणी कुठे थट्टा केली म्हणून आलेले नव्हते. ज्याला विचारणारे कोणी उरलेले नाही अशा एका सत्ताधीशाच्या मनात आले, म्हणून ते आले. आपण गप्प बसलो तर असा सत्ताधीश आपल्या मुलांना सांभाळील, हा हिशेब मला पटत नाही, कारण त्याच्या रागाला ठरलेले माप नसते. आज चित्रपट खटकला, उद्या वर्तमानपत्रातले व्यंगचित्र खटकेल, परवा तुमच्या भाच्याच्या मोबाइलवर कोणीतरी पुढे धाडलेला एखादा संदेश.

तुमच्यासारखाच प्रश्न दक्षिण कोरियातल्या सीमेजवळच्या गावांनीही विचारला होता आणि तिथे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. उत्तर कोरियातून पळून आलेले काही कार्यकर्ते मोठ्या फुग्यांना पत्रके बांधून वाऱ्याबरोबर सीमेपलीकडे सोडत असत. ऑक्टोबर २०१४ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी अशा फुग्यांवर मशीनगन चालवली आणि काही गोळ्या दक्षिणेच्या हद्दीत येऊन पडल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये एका कार्यकर्त्याने याच ‘द इंटरव्ह्यू’च्या हजारो डीव्हीडी रात्री फुग्यांतून सोडल्याचे सांगितले. सीमेवरच्या शेतकऱ्यांचा संताप अगदी तुमच्यासारखा होता : फुगे सोडणारे शहरात परत जातात, तोफांच्या टप्प्यात आमची घरे राहतात. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या संसदेने पत्रके सोडणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवणारा कायदा केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो रद्द केला. गावकऱ्यांची भीती खोटी आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. बोलणाऱ्याला सरसकट तुरुंगात टाकणे हा अभिव्यक्तीवर वाजवीपेक्षा जास्त घाला आहे आणि प्रत्यक्ष धोका असेल तिथे पोलीस आपल्या अधिकारात तो हाताळू शकतात, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मला तीच भूमिका तुमच्या मुलाच्या बाबतीतही योग्य वाटते. त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्या सरकारची, आपल्या दूतावासांची आणि त्याच्या जहाज कंपनीची आहे. ती कोणा दिग्दर्शकाच्या मौनावर ढकलून सरकारला हात झटकता येऊ नयेत. आणि चित्रपट काढणाऱ्यांकडूनही मी एक गोष्ट हक्काने मागेन. ज्यांना पळून जाता येत नाही अशा माणसांना त्यांनी आपल्या धाडसात ओढू नये, म्हणजे त्या देशात राहणाऱ्या मदतनिसांची नावे श्रेयनामावलीत झळकवू नयेत आणि तिथल्या गरजू कामगाराला न सांगता त्याच्याकडून धोक्याचे काम करून घेऊ नये.

मुलाला मात्र एक सांगा. जहाज परक्या बंदराला लागले की तिथला कायदा लागू होतो, आणि तिथे लॅपटॉपमध्ये किंवा मोबाइलमध्ये त्या राजवटीची थट्टा करणारे काही ठेवू नये. यात भित्रेपणा नाही. धैर्य मागायचे असेल तर ते आम्हा घरी बसलेल्यांकडे मागावे, कारण आमच्या पाठीशी आपल्या राज्यघटनेचे संरक्षण आहे आणि त्या बंदरात त्याच्या पाठीशी ते नाही.

प्रश्न (कुडाळ तालुक्यातून एक दशावतारी कलावंत) : आमच्या नाटकात राजे मरतात, राक्षस मरतात, पण ते पुराणातले. हयात असलेल्या माणसाला त्याच्या नावानिशी पडद्यावर मारणे याला व्यंग म्हणावे की वैर? तुम्ही तो चित्रपट पाहिला असेल तर स्पष्ट मत द्या.

उत्तर : पाहिला आहे, आणि मला तो फारसा आवडला नाही. त्यातले अर्धेअधिक विनोद शरीरधर्मावरचे आहेत आणि कोरियन माणसे बहुतेक वेळा अमेरिकन नायकांच्या गमतीसाठी उभी केल्यासारखी दिसतात. एका देशाच्या दुःखावर चित्रपट काढताना त्या देशातला साधा माणूस कथेत इतका कमी असावा, हे मला खटकले. पण त्यात एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी बाकीचे सोसले. राजधानीत भाजीपाल्याने आणि फळांनी ओसंडून वाहणारे एक दुकान दिसते, सूत्रसंचालक ते पाहून हरखून जातो, आणि नंतर तोच आत शिरून फळ हातात घेतो तेव्हा ते खोटे निघते. १९९० च्या दशकात ज्या देशात दुष्काळाने आणि उपासमारीने लाखो माणसे गेली, त्या देशाच्या सत्ताधीशाला मृत्यूच्या दृश्यापेक्षा ते खोटे फळ जास्त झोंबले असेल, असे मला वाटते.

जिवंत माणसाचे नाव घेण्याबद्दल. मी लहानपणी आजोळी, सावंतवाडीजवळच्या गावात, जत्रेला दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहिलेला आहे. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात संकासुर येतो, काळा वेष, लोंबणारी तांबडी जीभ, आणि भटजीशी त्याचे संभाषण सुरू होते. संहिता लिहिलेली नसतेच, त्यामुळे संकासुराच्या तोंडी काय येईल ते त्यालाच ठाऊक. त्या वर्षी पुढच्या बाकावर गावचे एक वजनदार मानकरी बसले होते, आणि देवळाच्या तळीच्या दुरुस्तीचे पैसे त्यांच्याकडून बरेच दिवस सुटत नव्हते. संकासुराने वेद चोरून कुठे लपवले ते भटजीने विचारले, तेव्हा उत्तर आले की, अशा जागी ठेवले आहेत जिथून काहीच परत बाहेर येत नाही, आणि बोलता बोलता त्याने त्या मानकऱ्यांच्या कनवटीकडे पाहिले. पखवाजवाल्याचा हात क्षणभर थांबला. मंडप हसला, मग मानकरीही हसले, आणि पुढच्या जत्रेआधी तळीचे काम झाले. तुम्ही राजपार्ट करत असाल तर मुकुट कापडाचा आणि बेगडाचा असतो हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. प्रेक्षकालाही ते ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याला खऱ्या मुकुटाकडे निरखून पाहण्याचे धैर्य येते.

पुराणातला म्हणून सुटका होते, असेही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकात कुठेही इंग्रजांचे नाव नव्हते, सगळी पात्रे महाभारतातली. तरी प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, भीमाच्या हातून तो मेला तेव्हा जे समाधान मिळाले ते कोणत्या कीचकाबद्दल होते हे सरकारलाही कळले, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्यामुळे नाव घेतले की न घेतले, ही सीमारेषा मला पुरेशी वाटत नाही. मी रेषा दुसरीकडे ओढते. प्रेक्षकाला उठून कोणाचा जीव घ्यायला सांगणे हे चिथावणे झाले, आणि ते आपल्या कायद्यातही बसत नाही. सत्तेच्या मुकुटाखालचा साधा माणूस उघडा पाडणे हे व्यंग झाले. ‘द इंटरव्ह्यू’ मला अनेक जागी हिणकस वाटला तरी तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. हिणकस ठरवण्याचा हक्क मी माझ्याकडे, तुमच्याकडे, तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाकडे ठेवते. संगणक फोडून आणि बॉम्बची भीती घालून तो हक्क कोणी आमच्याकडून काढून घेऊ नये.

प्रश्न (मालवणहून एक विद्यार्थी) : परदेशी राष्ट्रप्रमुखाची थट्टा हा सरळ गुन्हाच ठरवला तर असे तंटे मिटणार नाहीत का?

उत्तर : जर्मनीत असे कलम होते, सम्राटांच्या काळापासून चालत आलेले. ३१ मार्च २०१६ रोजी यान ब्योमरमान या विनोदकाराने तुर्कस्तानचे अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन यांच्यावर एक अत्यंत शिवराळ कविता दूरचित्रवाणीवर वाचली. तुर्कस्तानने तक्रार केली, आणि त्या कलमाखाली खटला चालवायला जर्मन सरकारची परवानगी लागत असल्याने सगळा भार चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्यावर आला. त्यांनी परवानगी दिली आणि त्याच वेळी हे कलम रद्द करण्याचेही जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी ते प्रकरण बंद केले आणि १ जानेवारी २०१८ पासून कलमच पुस्तकातून गेले. तंटा मिटवण्यासाठी ठेवलेल्या कलमाने उलट परराष्ट्र धोरण आणि विनोद यांची गाठ मारून ठेवली होती.

तुम्ही वयाने लहान आहात म्हणून थोडे जुनेही सांगते. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमधले जर्मनीचे वाणिज्यदूत गेओर्ग गिसलिंग हॉलिवूडच्या स्टुडिओंना पत्रे पाठवून हे वगळा, ते बदला असे सांगत असत, १९३७ मध्ये तर एका चित्रपटातल्या कलाकारांनाच त्यांनी इशाऱ्याची पत्रे धाडली, आणि जर्मनीतला धंदा बुडू नये म्हणून स्टुडिओ बरेचदा ऐकतही असत. चार्ली चॅप्लिन यांनी हिटलरची टर उडवणारा चित्रपट स्वतःचे पैसे घालून काढला आणि तो ऑक्टोबर १९४० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. त्या काळात थट्टेला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत नव्हता. नुसत्या पत्रांनी ते काम होत होते.

प्रश्न (चिपळूणहून एक चित्रपट मंडळाचे कार्यकर्ते) : आमचे मंडळ महिन्यातून एकदा चित्रपट दाखवते. एका परदेशी राज्यकर्त्यावरचा विडंबनपट आम्ही जाहीर केला आणि दोन दिवसांत अनोळखी पत्त्यावरून ईमेल आला व परदेशी क्रमांकावरून फोनही आला की खेळ केलात तर पस्तावाल. सभागृहाचे लोक म्हणतात, जबाबदारी लिहून द्या. आमच्यातले निम्मे म्हणतात, रद्द करू. आपला कायदा काय सांगतो आणि तुम्ही काय केले असते?

उत्तर : आधी कायदा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला दिली आहे. ‘परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे त्या निर्बंधांच्या कारणांपैकी एक आहे, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले, आणि चित्रपट प्रमाणनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते आहे. त्यामुळे परराष्ट्र संबंधांचा विचार आपल्याकडे होऊच शकत नाही, असे नाही. पण तो विचार कायद्याने, कारण देऊन आणि न्यायालयात उत्तर देण्याच्या तयारीने राज्याने करायचा असतो. फोनवरच्या अनोळखी आवाजाला तो अधिकार कोणी दिलेला नाही. आणि एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटासंबंधी स्पष्ट सांगितले आहे की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याचे राज्य नाकारणे आणि धाकदपटशापुढे शरण जाणे होय. हे स्वातंत्र्य राखणे राज्याचे कर्तव्य आहे आणि ते पेलत नाही, ही सबब राज्याला सांगता येत नाही. निकालाची प्रत काढून पोलीस ठाण्यात नेण्याच्या अर्जाला जोडा.

तुमची स्वतःची बाजूही घट्ट असली पाहिजे. चित्रपटाला प्रमाणपत्र आहे का, नसल्यास महोत्सवासाठी मिळणारी सूट केंद्र सरकारकडून घेतली आहे का, आणि जाहीर खेळ करण्याची परवानगी हक्कधारकाकडून लेखी मिळाली आहे का, हे आजच तपासा. घरच्या ऑनलाइन वर्गणीवर दिसणारा चित्रपट सभागृहात दाखवता येत नाही. यातले काही कच्चे असेल तर धमकावणाऱ्याला काही करावेच लागणार नाही, खेळ नियमावर बोट ठेवून बंद होईल. ईमेल पुसू नका, दुसऱ्याला नुसता पुढे धाडूनही चालत नाही, तो मूळ स्वरूपात ठेवा. फोनची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकी हा गुन्हा आहे आणि नाव लपवून दिलेल्या धमकीला जास्तीची शिक्षा आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. सभागृहाने जबाबदारी लिहून मागितली आहे, तर त्यांना त्या तक्रारीची प्रत द्या आणि बंदोबस्ताचा अर्ज सभागृह व मंडळ या दोघांच्या सह्यांनी जाऊ द्या, म्हणजे कोणालाच एकट्याने भार घ्यावा लागणार नाही आणि कोणालाच तो दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

मी काय केले असते, हे विचारलेत. मी काय केले होते ते सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी रत्नागिरीत आमचेही असे मंडळ होते आणि मी त्याची कार्यवाह होते. एका चित्रपटाच्या आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या कार्यालयात फोन आला. सभागृहाच्या व्यवस्थापनाने मला बोलावून तुमच्याच मंडळाला सांगितले तेच शब्द सांगितले. मी पोलिसांकडे गेले नाही, सभासदांची बैठक बोलावली नाही, वीस मिनिटांत मान हलवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराजवळच्या फळ्यावर मी स्वतःच्या हाताने खडूने लिहिले : ‘तांत्रिक कारणामुळे आजचा खेळ रद्द.’ पाऊस होता. लांज्याहून एस.टी.ने आलेली दोन मुले छत्री मिटवून तो फळा वाचत उभी राहिली. त्यांतल्या एकाने मला विचारले, ‘मशीन बिघडलंय का?’ मी हो म्हटले.

खेळ रद्द केला याचे मला आज तेवढे वाईट वाटत नाही; सभागृहात शंभर माणसे बसणार होती आणि मला खरोखर भीती वाटली होती. ‘हो’ म्हटले, त्याचे वाटते. फोन करणाऱ्याने खेळ बंद पाडला, पण तो बंद पडल्याची खूणसुद्धा मी माझ्या हाताने पुसून टाकली. त्या मुलांना, सभासदांना, पोलिसांना, कोणालाच कळले नाही की आपल्या शहरात असे घडले. आणि जे घडल्याचे कोणाला ठाऊक नाही त्यावर कोणी बंदोबस्त मागत नाही, कोणी न्यायालयात जात नाही. अमेरिकेतला चित्रपट आठवड्याभरात पडद्यावर आला, याचे एक कारण तो का थांबला हे सगळ्यांना ठाऊक होते, हेही आहे.

म्हणून तुमच्या मंडळाने काय ठरवावे ते मी इथून सांगत नाही. मुलेबाळे तुमची, सभागृह तुमच्या गावचे. ठरवताना मात्र सर्व सभासदांना एकत्र बसवा, ईमेल मोठ्याने वाचून दाखवा आणि मते घ्या. रद्द करायचे ठरले तर फळ्यावर खरे कारण लिहा, धमकी आली त्या तारखेसह, आणि तक्रारीचा क्रमांकही लिहा. करायचे ठरले तर मला तारीख कळवा. रत्नागिरीहून सकाळची गाडी मिळते, खुर्च्या मांडायला मी दुपारीच पोचेन.